आधी चावी बंद कर

सुगत, उद्यापासून ठेला तू उघडशील.
कानस कुठं, कोऱ्या चाव्यांचे डबे कुठं, ते तुला ठाऊक आहे.
चौकाचं सांगतो.

पाच रस्ते येतात आणि सिग्नल चार.
पाचवा, आरामशीनीकडून उतरणारा, स्वतःच्या मनानं येतो.
सिमेंटचा रस्ता डांबरापेक्षा वीतभर उंच;
मेट्रोच्या खांबामागून येणारी गाडी
दिसते तेव्हा आलेलीच असते.
चवथ्या सिग्नलवर कोण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे,
वाढदिवस होळीच्या आधीच झाला.
रात्री दहानंतर सगळे दिवे पिवळे लुकलुकतात,
म्हणजे ज्यानं त्यानं आपापलं पाहावं.

आवाज येईल.
ब्रेकचा नव्हे, त्याच्या नंतरचा,
पत्र्याचं पिंप कोणी गच्चीवरून ढकलावं तसा.
लोक धावतील, त्यांच्याकडं पाहू नको.
आडव्या गाडीचं मागचं चाक फिरूनच राहिलं असते.
पहिले ती चावी बंद कर.
पेट्रोल सांडून राहिलं असते आणि कोणी ना कोणी
बिडी पेटवूनच पाहायला येते.

मग माणूस.
उचलू नको. बसवू नको.
श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नको.
रक्त येते तिथं दुपट्टा दाबून धर,
उन्हासाठी बांधतोस तोच पांढरा,
आणि थांबलं का म्हणून सारखा उचलून पाहू नको.
पाणी देऊ नको.
सगळे म्हणतील, अबे पाणी पाज त्याला, काहून उभा आहेस!
मे महिन्याच्या दुपारी, सेहेचाळीस डिग्रीत,
नाही म्हणणं सोपं नसते.
तरी नाही म्हण.

एकदा मला नाही म्हणता आलं नव्हतं.
निळ्या लोकरीचा गोंडा होता त्याच्या चावीला,
कोणी घरी विणलेला.
चावी बंद केली, तेवढं बरोबर.
मग हेल्मेट काढलं, डोकं मांडीवर घेतलं, ग्लास ओठाला लावला.
ॲम्ब्युलन्समधल्या बाई काही बोलल्या नाहीत,
फक्त ग्लासाकडं पाहिलं.
त्यानं फरक पडला की नाही, कोणी सांगितलं नाही.
मीही मेडिकलला विचारायला गेलो नाही.

खिशातला फोन वाजेल.
स्क्रीनवर ‘आई’ असेल, नाहीतर ‘घर’, नाहीतर ‘दूधवाले काका’.
उचल. चौक सांग, मेडिकलच्या ट्रॉमाला या म्हण.
‘काही नाही झालं’ म्हणू नको.
दुसरंही म्हणू नको.
पोलीस तुझं नाव विचारतील,
सांगितलंच पाहिजे असा कायदा नाही. मी सांगतो.
धडकून पळाला त्याचा नंबर तळहातावर लिही.
व्हिडिओ काढणारी पोरं हात धरून रस्त्यावर उभी कर,
ट्रॅफिक अडवतील, तेवढंच काम.
जोडे दोन्ही शोध. एक नेहमी डिव्हायडरपलीकडं जातो.

गोंड्याची चावी माझ्याच खिशात राहिली होती.
खिळ्याला लावली. दोन उन्हाळे गेले.
परवा एक गृहस्थ आले, शर्टाची वरची गुंडी लावलेली,
म्हणाले, गाडी ठाण्यात सडून राहिली, सोडवायची आहे,
चावी नाही, बनवून द्याल का, किती घ्याल.
मी खिळ्यावरून काढून दिली.
त्यांनी गोंडा बोटांत चेपला, धूळ निघाली.
“गाडी बंद कोणी केली होती?”
मी.
“बरं केलं,” म्हणाले, आणि स्टुलावर बसले.
पुढचं मी सांगणार होतो. ग्लासाचं.
त्यांनीच पाणी मागितलं.

दिलं.

एकशेआठ नंबर पाटीच्या मागं खडूनं लिहिला आहे.
पावसानं पुसतो. पुन्हा लिहीत जा.